सोबतीला एक जबाबदार माणूस

३ फेब्रुवारी
पित्ताशयात खडे निघाले. सर्जनबाई म्हणाल्या, पोटाला चार लहान भोकं पाडायची, गॅस भरून पोट फुगवायचं, कॅमेरा आत, पिशवी बाहेर. त्याच दिवशी घरी. तेरा तारीख, शुक्रवार. मी म्हटलं, शनिवारी गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरायला जाणार आहे. त्या म्हणाल्या, गॅलनभर दुधाच्या कॅनपेक्षा जड काही उचलायचं नाही. मासे एवढे जड नसतात.

अट एकच. भूल दिलेली असते, म्हणून घरी न्यायला आणि रात्रभर थांबायला एक जबाबदार माणूस हवा. टॅक्सी चालत नाही. मी नर्सला सांगितलं, मी तीस वर्षं स्कूल बस चालवली, आख्ख्या काउंटीत माझ्याइतका जबाबदार माणूस नाही. ती म्हणाली, दुसरा कोणीतरी.

काळजी नाही. कॉनी आहे.

४ फेब्रुवारी
कॉनी म्हणजे शेजारीण. नवरा जाऊन पाच वर्षं झाली. चार हिवाळे तिच्या दारातला बर्फ मीच काढतो. तिचं माझ्यावर मन आहे हे उघड आहे. ख्रिसमसला कुकीज देते. पोस्टमनलाही देते, पण ते रीत म्हणून. मी अजून काही विचारलेलं नाही. घाई काय आहे.

५ फेब्रुवारी
कॉनीने गॅरेजच्या दारातून विचारलं, ऑपरेशनला मी नेऊ का? म्हटलं, छे, तुला कशाला त्रास. आम्हा मिनेसोटाच्या लोकांत पहिल्यांदा कोणी हो म्हणत नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा विचारलं की नाइलाज झाल्यासारखं हो म्हणायचं. कॉनी मूळची न्यू जर्सीची, पण इथे वीस वर्षं काढल्यावर एवढं कळत असणारच.

८ फेब्रुवारी, रविवार
चर्चच्या तळघरात कॉफी घेताना कॉनीने पुन्हा विचारलं. म्हटलं, तुझी कामं असतील. ती बरं म्हणाली. दोन झाले. सगळं ठरल्याप्रमाणे.

ड्वेनही मागे लागला. ड्वेन माझा जुना मित्र, गळाला लावायचे किडे विकतो. त्याला लागोपाठ तीनदा नाही म्हणून टाकलं. उगाच जागा भरायला नको.

१० फेब्रुवारी
ड्वेनकडे तळलेलं चीज खाल्लं. तेलकट वर्ज्य आहे, पण चीज मुळात दूधच. घरी येतो तोच बरगडीखाली कळ, थेट पाठीपर्यंत. बाथरूमच्या फरशीवर बसून राहिलो. घाबरलो होतो. बहुधा सोबतचं लोणचं बाधलं.

११ फेब्रुवारी
तिसऱ्यांदा विचारणं अजून नाही. आज कॉनीचा ड्राइव्ह-वे दोनदा साफ केला. बर्फ पडला नव्हता. ती दारात आली तेव्हा जरा कण्हलो. म्हणाली, ड्वेन नेणार असेल ना? म्हटलं, बघू.

१२ फेब्रुवारी
नर्सचा फोन. कोण येणार, नाव सांगा. म्हटलं, ठरल्यात जमा आहे. नाव नसेल तर ऑपरेशन रद्द, पुढची तारीख एप्रिलमध्ये. फोन ठेवला आणि पुन्हा कळ आली. एप्रिलपर्यंत काही माझा निभाव लागत नाही.

संध्याकाळी सरळ सांगून टाकायचं ठरवून कॉनीच्या दारात गेलो. म्हटलं, उद्या रस्ते निसरडे असतील. ती म्हणाली, असतील. घरी आलो. एवढा इशारा पुरे.

१३ फेब्रुवारी, हॉस्पिटल
स्वतःच गाडी चालवत आलो. नर्स शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. ड्वेनला फोन केला. तो तळ्यावर असणार, उचलला नाही. नर्सने विचारलं, तातडीच्या वेळी कळवायला कॉनी फेरारो लिहिलंय, त्या कोण? म्हटलं, तिला त्रास नको. तोवर नर्सने फोन लावलासुद्धा.

कॉनी आली. नाइटगाउनवर कोट.

"वर्लिन, मी यावं असं वाटत होतं, तर हो का नाही म्हणालास?"

म्हटलं, तू दोनदाच विचारलंस.

ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली. मग नर्सला म्हणाली, "घेऊन जा याला आत."

शेवटी जमलं. मला खात्री होतीच. सलाइन लावायला आलेत, वही ठेवतो.

१४ फेब्रुवारी
पित्ताशय गेलं. पोटावर चार पट्ट्या. दुखतोय मात्र खांदा. आतला गॅस वर चढतो म्हणे. मासे पुढच्या शनिवारी.

कॉनी रात्रभर आरामखुर्चीत बसून होती. सकाळी कोरडा टोस्ट दिला. शुद्धीवर येतानाचं मला काही आठवत नाही. ती म्हणाली, तू मला लग्नाचं विचारलंस. मी विचारलं, मग? म्हणाली, मी नाही म्हटलं.

हायसं वाटलं. पहिला नकार आमच्यात धरत नाहीत. तिला तसं सांगितलं.

"तू तीनदा विचारलंस, वर्लिन," ती म्हणाली. "आमच्याकडे एका नकारात भागतं. पण म्हटलं, तुमची रीत कशाला मोडा. तीनदा नाही म्हटलं."

मग तिने कप धुतला, गोळ्या माझ्या हाताशी ठेवल्या, पांघरूण नीट केलं आणि घरी गेली.

हसलं की टाके दुखतील, असं सर्जनबाईंनी बजावलं होतं. रडलं तरी दुखतात. ते नव्हतं सांगितलं.