लोलकाचा डायोड

सोमवार, ३ मार्च

बाबा म्हणाले, "रविवारपर्यंत एक मशीन एकटीने उभं कर. मी येऊन एक डाव खेळेन. पास झालं तर वर्कशॉपची किल्ली तुझी." नाहीतर दादा वर्कशॉप विकणार. गिऱ्हाईकही बघून ठेवलंय त्याने!

आमच्याकडची रीतच आहे. बाबा स्वतः एक डाव खेळल्याशिवाय दुरुस्त झालेलं कुठलंच पिनबॉल मशीन दाराबाहेर जात नाही. बटणं दाबून चेंडू उडवायचा, लक्ष्यं पाडायची; खेळल्याशिवाय कसं कळणार? पण वर्षभर ते फिरकलेलेच नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. तीन मशीनं तशीच अडकून पडलीत.

मी दर्शनी भागातलं आमचं जुनं मशीन निवडलं, ज्यावर मी शिकले. बाबा चपापले. "ते नको. दुसरं कुठलंही घे." का? मला झेपणार नाही म्हणून? मग तर तेच घेणार!

मंगळवार, ४ मार्च

काच काढली, चेंडू काढले, खेळाची फळी उचलून टेकवली. खाली वायरींचा गुंता. डावीकडची लक्ष्यं पडली की उजवीकडचे गुणही आपोआप वाढतात. दादा दारातूनच — "बोर्ड गेलाय. भंगारात घाल." त्याला काय कळतंय, कपाळ!

प्रत्येक स्विचला एक डायोड असतो, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. वीज एकाच दिशेने जाऊ देतो. तो आतून जळला की वीज उलटी शिरते आणि कुणी न दाबलेले स्विचही बोंबलायला लागतात. म्हणजे छप्पन्न डायोडांतला एक नालायक शोधायचा.

बुधवार, ५ मार्च

चाळीस तपासले. सगळे सज्जन. मान मोडली.

गुरुवार, ६ मार्च

सापडला!! त्याचा एक तारेचा पाय सोडवून मीटर लावला, तर दोन्ही बाजूंनी पीं! लगेच नवा बसवला, ऐटीत मशीन चालू केलं — आता ते लक्ष्य मुकंच. तासभर डोकं फोडलं. डायोडवरचा पांढरा पट्टा भलत्या बाजूला! माझ्याच हाताने! काढून सरळ बसवला. ही गोष्ट या वहीबाहेर जाणार नाही.

दादाला बोलावून दाखवलं. म्हणाला, "बरं झालं." त्याच्या तोंडून एवढंच पुष्कळ.

शनिवार, ८ मार्च

शेवटची उजळणी. एकेक स्विच हाताने दाबला. सगळे बोलले, लोलक सोडून. लोलक म्हणजे कड्यामध्ये लोंबणारं पितळी वजन. कुणी मशीन हलवलं की ते कड्याला टेकतं, लाल दिवा लागतो आणि चेंडू बाद. लबाडाला शिक्षा.

लोलकाच्या डायोडचा एक पाय कापलेला. तुटलेला नाही — कापलेला, अगदी सफाईने, आणि टोकावर पिवळी नळी चढवलेली. कापलेल्या टोकावर पिवळी नळी चढवणार ते बाबाच! काहीतरी करायला घेतलं असणार आणि विसरले. खरं सांगते, छाती फुगली. बाबांची चूक मी पकडली! नवा डायोड जोडला. कडंही लोलकाच्या अगदी जवळ घेतलं. आता जराही हललं तरी सुटका नाही.

चहाच्या वेळी घरी सांगावंसं वाटत होतं, पण जीभ आवरली. उद्या दिसेलच. वहिनी कप भरायला लागली तर बाबा म्हणाले, "अर्धाच दे गं." हल्ली अर्धाच घेतात.

रविवार, ९ मार्च

जिंकले! वर्कशॉप माझं!

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. दोन्ही बटणांवर हात ठेवले. पहिला चेंडू सुटला आणि लगेच लाल दिवा. दुसरा — लाल दिवा. तिसरा — तेच. दादा हसायला लागला, "बाबा तुझा लोलक तपासतायत!" मग मीही हसले. बाबा मागे सरले, हात खिशात घातले. म्हणाले, "छान झालंय. काही म्हणजे काही सोडत नाही."

लक्ष्यांकडे त्यांनी बघितलंच नाही, याचं थोडं वाईट वाटलं. एवढे कष्ट तिथेच घेतले होते! पण किल्ली दिली. देताना जुडगा हातात खुळखुळत होता. बाबा हळवे झाले होते. मी तर रडलेच.

सोमवार, १० मार्च

वहिनी बाहेर गेली होती, म्हणून चहा मी केला. आनंदात बाबांचा कप काठोकाठ भरला. त्यांनी उचलला आणि निम्मा बशीत हिंदकळला. त्यांनी पटकन हात टेबलाखाली घेतला. मी खिडकीबाहेर बघितलं.

तशीच वर्कशॉपला गेले. पक्कड घेतली. लोलकाच्या डायोडचा पाय कापला, आधी होता तिथेच. पिवळी नळी चढवली.

संध्याकाळी म्हटलं, "बाबा, माझंच चुकलं होतं. कडं फार आवळलं होतं मी. परत एकदा बघता का?"

"तरीच!" म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.