नवागामच्या डंकीचा इतिहास

५ जानेवारी १९९७, रविवार
मराठी मंडळानं ‘वस्ती-इतिहास पुरस्कार’ जाहीर केलाय. शाल, श्रीफळ, मानपत्र. नवागामात इतिहास लिहू शकेल असा माणूस कोण, यावर चहा होईपर्यंत विचार केला. मीच. कापड गिरणीत फोल्डिंग खात्यातला सुपरवायझर, शिवाय अक्षर चांगलं. ग्रंथ तीनशे पानांचा. पहिलं प्रकरण : वस्तीची पहिली डंकी, म्हणजे हातपंप, आणि ती बसवणारे माझे वडील कै. धुडकू. रोज पहाटे उठून लिहिणार.

६ जानेवारी
थंडी फार. उद्यापासून.

१२ जानेवारी
पुराव्यासाठी निंबाआप्पांकडे टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. खानदेशातून लूमवर कामाला आलेले, वस्तीतले सगळ्यात जुने. म्हटलं, “आप्पा, डंकी माझ्या वडिलांनी बसवली, एवढंच बोला.” आप्पा म्हणाले, “थांब, तिले इचारतो.” आणि शेजारच्या रिकाम्या पाटाकडे वळले. पाट सुंदराकाकूंचा, त्यांच्या बायकोचा. काकू प्लेगच्या साली, चौऱ्याण्णवात गेल्या.
आप्पांनी मान हलवत नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ती सांगस, तुना बाप मांगतीन उना. डंकी आम्हीच खोदी. तुना बापले पहिलं पानी तिनीच पाजं.”
म्हणजे वडील मागून आलेले. पण मयत व्यक्तीची साक्ष ग्राह्य नसते. टेप बंद केला.

१९ जानेवारी
घरी टेप लावला. आप्पांचा प्रश्न, मग लांबलचक शांतता, मग आप्पांचं उत्तर. त्या शांततेत बांगड्या वाजतात. बायकोनं, वत्सलानं, परत लावायला सांगितलं. परत वाजल्या. सेल उतरलेत, दुसरं काही नाही.

२० जानेवारी
नवे सेल घातले. बांगड्या जास्त स्पष्ट.
टेपरेकॉर्डर माळ्यावर ठेवला. खरा इतिहासकार स्मरणशक्तीवर काम करतो.

२ फेब्रुवारी
‘प्लेग आणि आमचं कार्य’ हे प्रकरण घेतलं. त्या दिवसांत मी धुळ्याहून परिस्थितीवर लक्ष ठेवून होतो. वत्सलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “लक्ष इथं राहून काकूंनी ठेवलं. सगळे पळाल्यावर मागे राहिलेल्यांना घरोघर पाणी पोचवलं, अंगात ताप असताना. त्यातच गेल्या ना.” म्हटलं, तळटीप देतो. ती जेवायला न वाढताच झोपली. तळटीप मोठी देणार.

१६ फेब्रुवारी
काल संध्याकाळी शिफ्टवरून येताना डंकीजवळ दांड्याचा आवाज आला. प्लेगनंतर नळ आले, तेव्हापासून डंकी बंद आहे, गंजलीय. जवळ कोणी नव्हतं. वारा असावा. खालची जमीन ओली होती. वाऱ्यानं जमीन ओली कशी होते, हा विषय ग्रंथाच्या कक्षेबाहेरचा.
आजपासून रेल्वे फाटकाकडून लांबच्या रस्त्यानं येणार. चालणं प्रकृतीला चांगलं.

९ मार्च
ग्रंथ मंडळात दिला. अकरा पानं, अक्षर ऐसपैस. त्यातली चार पानं काकूंची तळटीप. वत्सला सांगत गेली, मी लिहीत गेलो. थांब म्हणायचं धाडस झालं नाही.

२३ मार्च
निवड समितीच्या विशाखाताई वस्ती पाहायला आल्या. मी सफारी घालून तयार. त्यांनी वडिलांबद्दल काहीच विचारलं नाही, फक्त तळटीप. आप्पांकडे नेलं. ताई पाटावर बसायला लागल्या तसे आप्पा म्हणाले, “तठे नको, ती बठेल शे.” ताई मुकाट्यानं जमिनीवर बसल्या. हात जोडून त्यांनी पाटालाच विचारलं, “बाई, तुम्हाला भीती नाही वाटली?”
आप्पा बराच वेळ ऐकत होते. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, “ती सांगस, भलती वाटे. सगळी वस्ती चूप हुई गई. काही तरी आवाज राहो, म्हनीसन डंकी हापसत बसू.”
  तहान लागली होती, पण तिथं पाणी मागवेना.
एकूण समिती भारावलेली दिसली. पुरस्कार पक्का. भाषण लिहायला घेतो.

१३ एप्रिल
पुरस्कार कै. सुंदराबाई यांना. माझं नाव ‘माहिती संकलन’ या सदराखाली, त्यातही हिलालचं हिरालाल छापलंय. अक्षर माझं म्हणून मानपत्र मीच वाचायचं ठरलं. वाचताना आवाज दोनदा बसला. पंख्याखाली उभं केलं होतं.
शाल आप्पांनी घेतली नाही. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पांघरवली आणि नीट केली, खांद्यावरून घसरल्यासारखी. टाळ्या वाजवायचं कोणाला सुचलं नाही.
वत्सला बायकांबरोबर पुढे गेली. आप्पांना मी रिक्षात बसवलं. आप्पा एका टोकाला, मी दुसऱ्या. रिक्षा निघायच्या आधी आप्पा म्हणाले, “हिलाल, जरासा सरक. तिले बसू दे.”
मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे. सरकलो.
रिक्षात दोघंच होतो. घरापर्यंत दाटीवाटीनं आलो.