घरघर लागली

मखमलाबाद, नाशिक
सप्टेंबर २००६

प्रिय दिशा,

‘प्रिय’ लिहिताना पेन जरा अडखळलं, पण दुसरा शब्द सुचेना. परवा टीव्हीवर तू केलेली ती चहाची जाहिरात लागली आणि आईने पोळी तव्यावर तशीच सोडून आम्हा सगळ्यांना हाका मारल्या. पोळी करपली. मी करपवली असती तर दिवसभर ऐकावं लागलं असतं. तुझ्यापायी करपलेली मात्र तिने हसत हसत स्वतः खाल्ली. तेव्हा मी तुझ्यावर जळते, हे आधीच सांगून टाकते.

बाकी इकडची खबरबात अशी, की गंगापूर रोड आता तुला ओळखू येणार नाही. आपल्या कॉलेजजवळच्या मिसळवाल्याने नवे पंखे लावलेत आणि रस्सा पातळ केलाय. दसऱ्याला आईच्या काळ्या मसाल्याचं दुकानही त्याच रस्त्यावर सुरू होतंय. मी रोज एसटीने दिंडोरीला जाते, तिथल्या शाळेत मराठी शिकवते. हो, मराठी. हसू नकोस.

तुला काय आठवलं ते मला माहीत आहे. शेवटच्या वर्षाचा आपला प्रकल्प. जाहिरात करा, लोकांना दाखवा, त्यांचं ऐकून सुधारा, असं सर म्हणाले होते. मसाला आईचा, कॅमेरा तुझा, शब्द माझे. हिंदी जाहिराती बघून बघून मी मोठ्या झोकात लिहिलं होतं, ‘घरघर लागली एकच चव, लंकाबाईंचा मसाला!’ घराघरात म्हणायचं होतं गं मला. मारुतीच्या देवळात टीव्ही मांडला, गल्लीतल्या बायका जमल्या, आई ठेवणीतलं पातळ नेसून सगळ्यांच्या पुढे बसली. आणि माझ्याच आवाजात ‘घरघर लागली...’ एवढं होऊन मी ऐटीत थांबले होते ना, नेमक्या त्या थांब्यात शेजारच्या नवसाबाई ओरडल्या, “अगं बया! कोणाला घरघर लागली? लंका तर धडधाकट बसलीय हितं!” बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. सगळ्या गल्लीदेखत मी स्वतःच्या आईला शेवटचा श्वास घ्यायला लावला होता.

मी देवळामागे जाऊन रुसून बसले. या बायकांना जाहिरातीतलं काय कळतं, असं भिंतीला सांगत होते. आणि तू? तू आत बसून त्यांच्याबरोबर हसत होतीस! मी विचारायला घेतलेला ‘जाहिरात आवडली का?’ हा प्रश्न तू सरळ सोडून दिलास आणि म्हणालीस, “मावशी, हा मसाला तुम्ही शेजारणीला कसा सांगाल?” कलाबाई पटकन बोलल्या, “घरोघरी मातीच्या चुली, पण शिंका येत्यात त्या लंकाबाईच्या मसाल्यानं!” तू ते जसंच्या तसं उचललंस. पुढच्या आठवड्यात त्याच बायकांनी टाळ्या वाजवल्या, सर खूश झाले, आणि त्या एका ओळीच्या जोरावर तू मुंबई गाठलीस. मला त्याचं काही वाटत नाही. खोटं, वाटतं. पण त्याहून जास्त खुपतं ते आई घरी येताना म्हणाली ते. “त्या पोरीला कान हायेत. तू लगेच रुसून बसती.” आई माझी, गल्ली माझी, आणि कौतुक तुझ्या कानांचं.

तेव्हापासून हे असंच चालू आहे. शाळेत माझ्या नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं, तर आई म्हणाली, “बरं झालं. दिशाचा फोन आला का गं?”

आता मुद्द्याचं. दुकानासाठी इथल्या केबलवर जाहिरात द्यायची आहे आणि ती मी केलीय. एकटीने. म्हणजे नवसाबाई, कलाबाई सगळ्यांच्या ओट्यावर बसून, त्यांची टिंगल गिळून, शब्द दहादा बदलून. शाळेतल्या बाई म्हणतात ‘छान’, मुलं म्हणतात ‘मॅडम, भारी’, आणि ‘छान’ या शब्दावरचा माझा विश्वास कधीच उडालाय. आईने बघितली आणि म्हणाली, “आधी दिशाला दाखव. ती हसली नाय तर लावू.” रागाने दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तरी लिहितेय. दसऱ्याच्या आधी ये. देवळात त्याच बायकांमध्ये बसून बघ. हसू आलं तर खुशाल हस, या वेळी मी देवळामागे जाणार नाही. पण चांगली वाटली, तर मला नको सांगूस. आईला सांग. आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने सांग.

जळत असले तरी तुझीच,
उज्वला