मुक्ता हजर नाही

सांगवी, मंगळवार, १९५८. दिवेलागण.

आज शपथ व्हायची होती. दोन वर्षं अर्ज फिरला, आता एवढंच उरलं होतं. शपथ घेतली की मी इथली नागरिक. नाहीतर लग्नाला नऊ वर्षं होऊनही कागदावर मी गोव्याची, पोर्तुगीजांचीच.

सकाळपासून बारामतीच्या कचेरीत बाकावर बसले होते. हे बैलांना पाणी दाखवायला गेले होते. पट्टेवाल्याने पुकारलं, "मुक्ता रामनाथ!" तीनदा. आणि मी मनात म्हणतेय, कोण ही बाई, उठत का नाही? हे परत येईपर्यंत कारकुनाने 'गैरहजर' लिहून टाकलं होतं. आता पुढच्या महिन्यात या म्हणे.

कागद माहेरचे, म्हणून नावही माहेरचं. लग्नात तांदळावर अंगठीने 'सुशीला' लिहिलं, त्यानंतर मुक्ता म्हणून मला कुणी हाक मारली नाही. पण म्हणून इतकं विसरावं? तीनदा पुकारलं! वडिलांचं नावसुद्धा कानावरून गेलं.

गाडीत यांना म्हटलं, "माझ्यामुळे खेप फुकट गेली."

"नाव आमीच बदललं न्हवं?" हे म्हणाले. "तुजी काय चूक न्हाय."

मघाशी भाकरी थापत होते. अंगणातून यांनी हाक मारली, "मुक्ता!" एरवी नुसतं 'अगं' म्हणणारा माणूस.

सासूबाई चमकल्या. "कुणाला हाक मारतोय रं?"

हात पिठाचे तसेच घेऊन मी उठले. "मला," म्हणाले.