आनंदाचा पुढचा शब्द

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
लेस्टर

तीर्थरूप एकनाथदादांच्या चरणी धाकट्या प्रभाचे विनम्र वंदन.

मी कुशल आहे. थंडी सोसते, अन्न गोड लागते. आपण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुन्हा पुढे ढकललीत, असे वहिनींकडून कळले. का बरे?

सोलापुराहून निघताना, "आता इंग्रजी शिकून बॅरिस्टर होणार काय गं?" असे आपण चिडवले होते. परंतु नात ओवी इंग्रजीखेरीज बोलत नाही. माझे मोडकेतोडके शब्द संपले की ती खोलीत निघून जाई आणि माझा जीव कासावीस होई. म्हणून वडिलांनी जसा आपल्या दोघांकडून टाळीवर संस्कृत कोश पाठ करवला, तसेच मी स्नानोत्तर देवापुढे बसून एकेका अर्थाचे इंग्रजी शब्द चालीत म्हणू लागले.

परवा "ग्लॅड, चिअरफुल, इलेटेड, ज्युबिलंट" चालले असता शेजारच्या जिग्नाबेन हात जोडून दाराशी थांबल्या. पठण संपताच त्यांनी प्रसादासाठी ओंजळ पुढे केली. मी निमूटपणे बेदाणे दिले!

हे पाहून ओवी हसून हसून लोळली. तेव्हापासून रोज टाळी धरायला बसते. आज म्हणाली, "आजी, नाऊ युवर वर्ड्स!" मी हर्ष, प्रमोद, आमोद, आनंद म्हटले आणि पुढचा शब्द काही केल्या आठवेना.

"दादांना ठाऊक असेल," मी म्हणाले.

"देन आस्क दादा!"

तरी कृपया डोळा करून घ्यावा आणि पुढचा शब्द स्वहस्ते लिहून धाडावा. तोवर आम्ही दोघी आनंदावरच टाळी धरून बसलो आहोत.

आपल्या आशीर्वादाची भुकेली,
प्रभा