माहेरचं पाणी

भडगाव, मंगळवार, दिवेलागण

रिक्षा येईपर्यंत लिहितो.

सुमन, माझी लेक, सातवा सरल्यावर बाळंतपणासाठी माहेरी आली. चेहरा भरला, तसा जो तो म्हणू लागला, "माहेरनं पाणी मानवनं पोरले." मीही खूश होतो. पण आज तिने चहाचा कप पुढे केला तेव्हा हिरव्या बांगड्या मनगटात रुतलेल्या दिसल्या. डोहाळजेवणात त्याच बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. पाणी मानवलं म्हणून बांगड्या अशा रुततात का?

बायकोला म्हटलं, "दवाखान्यात नेऊ." ती हसली. "बायकास्नं तुम्हले काय कळस? माळ जपा तुम्ही."

माळ घेतली. मन बांगड्यांतच. आरोग्य केंद्राच्या आशाताई तपासायला येतात तेव्हा मी उठून ओट्यावर जातो. बापाने थांबायचं नसतं. तरी परवा कानावर पडलंच होतं: सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच दवाखाना.

शेवटी देवापुढे दिवा लावला आणि विचारलंच, "सुमन, डोकं दुखस का?"

ती मान खाली घालून म्हणाली, "हा नाना. सकायपासून. हाऊ दिवाबी दोन दिखस. तुम्हले कसं सांगू?"

बायको साबण लावून बांगड्या उतरवते आहे. एकही निघेना. आता ती हसत नाही.

पद्मालयाच्या गणराया, माझी पोर सांभाळ.

रिक्षा आली. आज मी बाहेर थांबणार नाही.