काळ्या चिंध्यांचं टेबल

बुवापाडा, अंबरनाथ
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय चिमीबाय,

तुला माझा जयभीम. बुधाजीभावजींना नमस्कार सांग. आम्ही बरे आहोत. प्रीतीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे. यांचा गुडघा अजून कुरकुरतोच. यंदा तुमच्या मांजर्लीत पाणी शिरल्याचं ऐकलं तेव्हा तुला दोनदा फोन लावला. तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. एका स्टेशनाच्या अंतरावर राहणाऱ्या बाईला पोस्टाने पत्र पाठवते म्हणून प्रीती हसते आहे. हसू दे.

गोदामात उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांची कतरण येते तशीच येते, गोण्यांवर गोण्या. निळ्या-पांढऱ्या चिंध्या आता मशीनच निवडतं. चिंधीवर उजेड टाकतं आणि सुती कुठली, पॉलिस्टर कुठलं ते सांगतं. काळ्या कापडावर मात्र त्याचं काही चालत नाही, काळा रंग उजेड गिळून टाकतो म्हणे. आणि सुतीत पॉलिस्टर गेलं की पुन्हा सूत काढायला तो गठ्ठा वाया. म्हणून आपलं काळ्या चिंध्यांचं टेबल तेवढं राहिलं. तिथे चार नव्या मुली लागल्यात. शेजारी टॅब लावलाय, त्यात बघून-ऐकून शिकतात.

त्या टॅबमधला आवाज माझा आहे, हे तुला ठाऊकच आहे.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या घरात कमरेएवढं पाणी आलं आणि तू बारा दिवस आली नाहीस. त्याच आठवड्यात कंपनीच्या करिष्मा मॅडम टॅबसाठी रेकॉर्डिंग करायला आल्या. "कापड हाताने ओळखणारी बाई कोण?" म्हणाल्या. सगळ्या म्हणाल्या, चिमी. मीही म्हणाले. पण तू नव्हतीस, म्हणून मला बसवलं. इथवर माझी चूक नव्हती, बाय.

मी सांगत गेले. दोरा कानाशी धरून कसा तोडायचा. जळताना वास कागदाचा येतो की प्लास्टिकचा, राख चुरते की गोळी होते. तू बोलायचीस तसंच तोंडात येत होतं. मग पुढे खुर्ची मिळाली, गळ्यात 'ट्रेनर' लिहिलेलं कार्ड आलं. आणि तू परत आलीस.

तुझ्यासमोरच टॅब चालू होता. तू उभ्या उभ्या ऐकलंस. मॅडमनी सहज विचारलं, "मायामावशी, हे सगळं तुम्हाला शिकवलं कोणी?"

मी म्हणाले, "कोणी नाही. करता करता आलं."

तू माझ्याकडे बघितलंस. मी चिंध्या चिवडत राहिले. पुढच्याच महिन्यात मशीन सुरू झालं, पाच जणींना घरी बसवलं, त्यात तू. चिमीनेच शिकवलं असं मी सांगितलं असतं तर त्या खुर्चीवर तू बसली असतीस. मला ते तेव्हाही कळत होतं.

गेल्या महिन्यात रिद्धी नावाची मुलगी कामाला लागली. दोरा तोडता तोडता मला विचारते, "मावशी, यात तुम्ही म्हणता, 'आयक, कापूस पटकन तुटतं, पालिस्टर ताणतं, मांगं रातं.' तुम्ही तर अशा बोलत नाही. हे कोण बोलतं?"

मी संडासाच्या मागे जाऊन रडले. तुझ्याशेजारी अकरा वर्षं उभी राहिले मी. डब्यातली तुझी सुकटीची चटणी, काळ्या रंगाने काळे झालेले आपले चार हात, शेठ आला की तुझं कोपराने ढोसणं. घरी रोज माणसं असतात, तरी दिवसभरात बोलायचं राहून गेल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना खरं सांगितलं. मग तीन दुपारी आम्ही टॅबमधली एकेक नोंद उघडून ऐकली. एकशे चाळीस नोंदी. "ही चिमीची, ही चिमीची, ही माझी." माझ्या एकोणीस निघाल्या. बाकी सगळ्या तुझ्या.

त्यांवरचं माझं नाव काढलं. ट्रेनरचं कार्डही मी परत दिलं, आता मुलींबरोबर टेबलाशी उभी राहते. पाय दुखतात, पण मान वर असते. तुझं नाव मात्र तुला विचारल्याशिवाय घालता येत नाही, म्हणून ती जागा मोकळी ठेवलीय. मॅडम म्हणतात, "त्यांना घेऊन या, त्यांच्याच आवाजात करू. ट्रेनर म्हणूनच घ्यायचं मी वर बोलले आहे." वरून अजून होकार आलेला नाही, हेही खरं. आणि तू म्हणालीस की सगळं पुसून टाका, तर पुसायचंही त्यांनी कबूल केलंय. ते तुझं तू ठरव. तुझ्या वतीने मी आता एक शब्द बोलणार नाही.

पुढच्या रविवारी मी मांजर्लीला येते आहे. टॅबसाठी येत नाही. तोंडावर माफी मागायची आहे, आणि तुला बघायचं आहे. घरात घेतलं नाहीस तर ओट्यावर थोडी बसेन नि परत जाईन. राग गिळू नकोस, मला बोल. दोन वर्षांत तू मला एक शिवीसुद्धा दिली नाहीस, तेच सोसवत नाही.

तुझ्या हाताखाली शिकलेली,
माया